अजिंठ्याची छायाचित्रे आणि विकासक द्रावणे : छायाचित्रकारांच्या भिन्न अनुभवांचा ऐतिहासिक विचार

१. विषयाची मांडणी

जळगावहून अजिंठ्याच्या लेण्यांकडे जाणारा रस्ता जामनेर तालुक्यातील पहूर या गावावरून जातो. पाचोरा-जामनेर ही अरुंद मापाची आगगाडीही २०२० पर्यंत याच गावावरून धावत असे. लेण्यांच्या पायथ्याशी वळण घेऊन निघालेली वाघूर नदी उत्तरेकडे पहूरवरून वाहत जाऊन पुढे तापीस मिळते. १८१९ मध्ये जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने दहाव्या लेण्यात प्रवेश केल्यापासून ही लेणी पाश्चात्त्य जगास परिचित झाली. त्या काळी लेणी निजामाच्या राज्यात होती आणि पहूर इंग्रजी खानदेशात होते. खानदेशातून लेण्यांकडे चित्रकार, पुरातत्त्वज्ञ आणि छायाचित्रकार गेले ते प्रामुख्याने याच वाटेने. त्यांच्याबरोबर कॅमेरे गेले, काचा गेल्या आणि रसायनांच्या बाटल्याही गेल्या.

अजिंठ्याच्या अभ्यासकांनी चित्रांचा, शिल्पांचा आणि शिलालेखांचा विचार पुष्कळ केला आहे. या छायाचित्रांचा मात्र एक पुरावा म्हणून व्हावा तितका विचार झालेला नाही. रॉबर्ट गिल यांनी १८४४ पासून पुढे तैलरंगांत केलेल्या प्रतिकृतींपैकी बहुतेक १८६६ च्या अखेरीस लंडननजीकच्या क्रिस्टल पॅलेसला लागलेल्या आगीत नष्ट झाल्या. जॉन ग्रिफिथ्स यांनी मुंबईच्या कलाशाळेतील विद्यार्थ्यांसह १८७२ पासून १८८५ पर्यंत केलेल्या प्रतींपैकीही पुष्कळशा १८८५ मध्ये साउथ केन्सिंग्टन येथील आगीत जळाल्या. या दोन आपत्तींमुळे चित्रांची पूर्वस्थिती ठरविण्याच्या कामी जुन्या कृष्णधवल छायाचित्रांना मोठे महत्त्व आले आहे. एखादी आकृती १९११ च्या छायाचित्रात स्पष्ट दिसते आणि नंतरच्या छायाचित्रात अंधुक दिसते. यावरून दरम्यानच्या काळात ते चित्र झिजले, असा निष्कर्ष सहज काढला जातो.

हा निष्कर्ष काढण्यापूर्वी एक प्रश्न विचारणे अवश्य आहे : दिसणारा फरक भिंतीवरचा की अंधारखोलीतला? एकाच विकासक द्रावणाविषयी छायाचित्रकारांनी परस्परविरोधी अनुभव सांगितल्याचे छायाचित्रणाच्या इतिहासात वारंवार आढळते. एकास ज्या द्रावणातून मृदू आणि भरदार ऋणचित्र मिळाले, त्याच द्रावणाने दुसऱ्याचे ऋणचित्र कठोर, फिकट किंवा धुरकट झाले. हे मतभेद सामान्यतः आवडीनिवडीचे समजून सोडून दिले जातात. वस्तुतः त्यांना निश्चित कारणे आहेत आणि ती कारणे ओळखल्यास अजिंठ्याच्या छायाचित्रांचे वाचन अधिक निर्दोष होऊ शकते. प्रस्तुत निबंधाचा हेतू तेवढाच आहे.

२. कलोडियनचा काळ : हिराकस आणि पायरो

प्रकाश पडलेल्या संवेदी थरात प्रारंभी डोळ्यांस काहीच दिसत नाही. प्रकाशाचा स्पर्श झालेल्या रौप्यक्षाराच्या कणांचे काळ्या रुप्यात रूपांतर करून सुप्त प्रतिमा दृश्य करणे, हे विकासकाचे कार्य होय. गिल यांनी चित्रकलेस छायाचित्रणाची जोड दिली तेव्हा काचेवरील ओल्या कलोडियनची पद्धती प्रचारात आली होती. त्यांची छायाचित्रे १८६४ मध्ये जेम्स फर्ग्युसन यांच्या विवेचनासह ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. लेण्यांची बाह्यांगे, स्तंभ आणि शिल्पे हे त्यांचे मुख्य विषय होते.

या पद्धतीत काचेवर कलोडियन ओतून ती रौप्यद्रावणात बुडवावी लागे. ती ओली असतानाच कॅमेऱ्यात घालून, प्रकाश देऊन, लगेच विकसित करावी लागे. म्हणजे अंधारखोली छायाचित्रकाराबरोबरच हिंडत असे. कलोडियनमध्ये ईथर असते आणि ईथर ३५ अंश सेल्सियसच्या आतबाहेर उकळू लागते. खानदेशात चैत्र-वैशाखात हवेचे उष्णतामान ४० अंशांच्या वर जाते, हे लक्षात घेतले म्हणजे लंडनमधील पुस्तकांत सांगितलेली कृती येथे जशीच्या तशी का चालत नसे ते उमगते. काच वाळण्यापूर्वी सर्व उरकावयाचे असल्याने दीर्घकाळ प्रकाश देणे शक्य नव्हते. गुहांच्या काळोखातील भित्तिचित्रे या पद्धतीच्या आवाक्याबाहेर राहिली, याचे एक कारण येथे सापडते.

विकासक म्हणून दोन द्रव्ये प्रमुख होती : पायरोगॅलिक आम्ल आणि हिराकस. हिराकस वेगाने काम करी आणि मृदू प्रतिमा देई. पायरो सावकाश काम करी आणि त्यातून छायाभेद, म्हणजे गडद आणि फिकट यांतील अंतर, अधिक मिळे. थंड देशात हिराकसाचा वेग हा गुण ठरला. उष्ण देशात तोच वेग आवरेनासा होऊन काचेवर धुरकटपणा येई. त्यासाठी ॲसेटिक आम्लाचे प्रमाण वाढवावे लागे अथवा द्रावण सौम्य करावे लागे. ज्याने आम्ल वाढविले त्यास हिराकस विश्वासार्ह वाटले, ज्याने वाढविले नाही त्यास ते निरुपयोगी वाटले. पाण्याचाही प्रश्न होताच. विहिरीच्या किंवा नदीच्या पाण्यातील क्षारांचा रौप्यद्रावणाशी संयोग होऊन पांढरा साका उत्पन्न होतो. म्हणून पावसाचे अथवा ऊर्ध्वपातित पाणी वापरण्याचा उपदेश केला जाई. उन्हाळ्यातील डोंगरात तो पाळणे सोपे नव्हते.

३. कोरड्या काचा आणि घड्याळाचा प्रवेश

१८७१ मध्ये रिचर्ड मॅडॉक्स यांनी जिलेटिनचा संवेदी थर सुचविला आणि त्या दशकाच्या अखेरीस कोरड्या काचा बाजारात मिळू लागल्या. छायाचित्रकार आता काच उघडून प्रकाश देऊ शके आणि मुक्कामी परतल्यावर, किंवा कित्येक दिवसांनी, ती विकसित करू शके. प्रकाश देण्याचे ठिकाण आणि विकासाचे ठिकाण असे विभक्त झाले. अजिंठ्यात घेतलेली काच फर्दापूरच्या बंगल्यात, मुंबईत अथवा युरोपात विकसित होऊ शके आणि त्याबरोबर पाणी, हवा व उष्णतामानही बदले.

नवे विकासकही आले. १८८० मध्ये विल्यम ॲबनी यांनी हायड्रोक्विनोनचा उपयोग दाखविला. १८९१ मध्ये मेटॉल प्रचारात आले. या दोहोंचे स्वभाव परस्परांहून अगदी भिन्न आहेत. मेटॉलमध्ये प्रतिमा तत्काळ दिसू लागते, परंतु तिची घनता सावकाश वाढते. हायड्रोक्विनोनमध्ये प्रतिमा दिसण्यास विलंब लागतो, पण एकदा दिसू लागली म्हणजे ती झपाट्याने गडद होते. पायरोची सवय असलेला छायाचित्रकार लाल दिव्याच्या प्रकाशात मेटॉलमधील काच पाही आणि प्रतिमा पूर्ण उमटली असे समजून ती वेळेपूर्वीच बाहेर काढी. त्याचे ऋणचित्र पातळ होई व मेटॉल दुर्बळ आहे, असे तो सांगे. धीर धरणाऱ्यास तेच द्रव्य उत्कृष्ट वाटे. मेटॉलमुळे काहींच्या हातास खाज सुटून पुरळ उठे, काहींना आयुष्यभर त्याचा त्रास होत नसे. हाही अनुभवभेद खराच होता आणि त्याचे कारण व्यक्तीच्या प्रकृतीत होते. पायरोच्या बाबतीत निराळीच फसगत होई. त्याचा पिवळसर डाग रुप्याच्या प्रतिमेबरोबर काचेवर राही आणि छाप काढताना निळा प्रकाश अडवी. त्यामुळे डोळ्यांना सारखी दिसणारी दोन ऋणचित्रे कागदावर निरनिराळी उतरत.

डोळ्यांवर विसंबणे हाच या मतभेदांचा एक मोठा उगम होता. हर्टर आणि ड्रिफील्ड यांनी १८९० मध्ये प्रकाशाचे प्रमाण आणि उत्पन्न होणारी घनता यांचा संबंध मोजून दाखविला. १९०६ मध्ये सर्व रंगांस संवेदनशील अशा पॅनक्रोमॅटिक काचा विक्रीस आल्यावर लाल दिवाही वर्ज्य झाला. संपूर्ण अंधारात विकास करावयाचा म्हणजे घड्याळ आणि उष्णतामापक यांवाचून गत्यंतर नव्हते. नवे छायाचित्रण मोजमापाच्या शिस्तीत आले ते असे. तथापि मोजमाप आले म्हणून अनुभवांतील भेद नाहीसे झाले नाहीत.

४. डी-७६ : एक उद्बोधक उदाहरण

याचे सर्वांत बोलके उदाहरण डी-७६ या द्रावणाचे आहे. कोडॅक कंपनीच्या प्रयोगशाळेतून १९२७ च्या सुमारास पुढे आलेले हे द्रावण मूलतः चलच्चित्रांच्या फितीकरिता होते. चलच्चित्रास सूक्ष्म कण हवे असतात, कारण लहानशी चौकट मोठ्या पडद्यावर जाते. आणि एकसारखेपणा हवा असतो, कारण एका दृश्याची फीत फिकट आणि पुढच्या दृश्याची गडद होऊन चालत नाही. १९१३ मध्ये दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ प्रसिद्ध झाला, त्या वेळी फीत विकसित करण्याचे काम घरीच होई आणि त्यात सरस्वतीबाई फाळके यांचा प्रत्यक्ष हातभार होता. घरातील भांड्यांत मुंबईच्या दमट हवेत साऱ्या लांबीवर सारखी घनता राखणे किती कठीण असेल, याची कल्पना विकासकाचा स्वभाव जाणणाऱ्यास करता येईल.

डी-७६ चे मूळ प्रमाण साधे आहे : एक लिटर पाण्यात मेटॉल २ ग्रॅम, निर्जल सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम आणि टाकणखार २ ग्रॅम. इल्फर्ड कंपनीचे आयडी-११ हे जवळजवळ हेच होय. चार द्रव्यांचे हे मिश्रण जगभर प्रमाणभूत मानले गेले, आणि तरीही त्याच्याविषयी एकवाक्यता झाली नाही. कोणी त्यास मृदू म्हणत, कोणी कठोर. कोणी त्याच्या सूक्ष्म कणांची प्रशंसा करीत, तर कोणी चित्राच्या कडा बोथट होतात अशी तक्रार करीत.

यांपैकी प्रत्येक म्हणणे आपल्या परिस्थितीत खरे होते. टाकणखार हा सौम्य अल्क असल्यामुळे ताज्या द्रावणात हायड्रोक्विनोन जवळजवळ निष्क्रिय असतो आणि काम मुख्यतः मेटॉल करतो. परंतु द्रावण बाटलीत राहिले म्हणजे हवेतील प्राणवायूच्या योगे हायड्रोक्विनोनचे सल्फाइटच्या सान्निध्यात रूपांतर होते व त्यात अल्क मुक्त होतो. द्रावणाची अल्कता वाढते, निद्रिस्त हायड्रोक्विनोन जागा होतो आणि जुने द्रावण नव्याहून तीव्र होते. जुने झालेले द्रावण दुबळे होते, हा सर्वसाधारण समज येथे उलटा पडतो. कार्ल्टन आणि क्रॅबट्री यांनी १९२९ मध्ये या वर्तनाचा अभ्यास प्रसिद्ध केला. टाकणखाराचे प्रमाण ८ ग्रॅम करून त्यास ८ ग्रॅम बोरिक आम्लाची जोड दिली म्हणजे अल्कता स्थिर राहते, हा त्यावरील उपाय होय. सकाळी द्रावण करून संध्याकाळी वापरणारा आणि अर्धी रिकामी बाटली महिनाभर ठेवून वापरणारा, हे दोघेही आपापल्या वहीत ‘डी-७६’ एवढेच लिहीत; परंतु त्यांच्या हाती द्रावणे दोन होती.

पाण्याच्या भरीचाही असाच परिणाम होतो. भरपूर सल्फाइट असलेले मूळ द्रावण रौप्यक्षाराचे कण किंचित विरघळविते. त्यामुळे कण सूक्ष्म दिसतात, पण कडांची तीक्ष्णता घटते. समभाग पाणी मिसळल्यास कण जरा ठळक होतात आणि कडा रेखीव होतात. वजनाची चूकही दुर्लक्षणीय नाही. निर्जल सल्फाइटऐवजी स्फटिकरूप सल्फाइट वापरल्यास ते वजनाने सुमारे दुप्पट घ्यावे लागते, कारण त्यातील अर्धा भार पाण्याचा असतो. पावसाळ्यात बरणी उघडी राहिल्यास सल्फाइटचे सल्फेट होत जाते आणि तराजूवर वजन बरोबर भरले तरी द्रावणात त्याचा उपयोग होत नाही. मिश्रणाचा क्रमही पाळावा लागतो. आधी सर्व सल्फाइट घातल्यास मेटॉल नीट विरघळत नाही.

५. खानदेशची हवा आणि पाणी

विकासाच्या वेळांची कोष्टके सामान्यतः २० अंश सेल्सियस उष्णतामान धरून केलेली असतात. पहूरच्या परिसरात वर्षातील बहुतेक काळ पाणी याहून उष्ण असते. उष्णता वाढली म्हणजे विकासाचा वेग वाढतो, परंतु सर्व द्रव्यांचा सारखा वाढत नाही. मेटॉलपेक्षा हायड्रोक्विनोनवर उष्णतेचा परिणाम अधिक होतो. म्हणून मिश्र विकासकाची वेळ कमी करून भागत नाही, त्याचा स्वभावही पालटतो. उलट हिवाळ्यातील थंड रात्री हायड्रोक्विनोन मंदावतो आणि तेच द्रावण निर्जीव वाटते. एकाच गावातील एकाच छायाचित्रकारास पौषात आणि वैशाखात परस्परविरोधी अनुभव यावे, हे यामुळे स्वाभाविक आहे.

जिलेटिनचा थर उष्ण पाण्यात फुगतो, मऊ पडतो आणि कधी कडेने सुटून येतो. उष्णदेशीय कृतींत द्रावणात सोडियम सल्फेट घालून हा फुगवटा आवरण्याचा आणि क्रोम तुरटीने थर टणक करण्याचा उपाय सांगितलेला असतो. येथे खानदेशच्या हवेचा एक विशेष ध्यानात घेण्याजोगा आहे. माठातील पाणी पाझरून वाफ होते आणि त्यामुळे आतील पाणी गार राहते. हवा जितकी कोरडी तितका गारवा अधिक. उन्हाळ्यात खानदेशची हवा अतिशय तप्त पण कोरडी असते, मुंबईची त्या मानाने सौम्य पण दमट असते. म्हणून वैशाखात ओल्या फडक्यात गुंडाळलेली किंवा रांजणाच्या पाण्यात ठेवलेली बाटली खानदेशात मुंबईपेक्षा अधिक गार राहू शकते. पावसाळा लागताच ही सोय संपते. केवळ हवेच्या उष्णतामानाची नोंद पाहून अंधारखोलीतील द्रावणाविषयी अनुमान करणे किती फसवे आहे, हे यावरून दिसेल.

दख्खनच्या काळ्या खडकातील विहिरींचे पाणी बहुधा जड असते. त्यातील चुन्याचा सल्फाइटशी संयोग होऊन पांढरा गाळ बनतो आणि वाळलेल्या फितीवर त्याचे ठिपके राहतात. पाणी उकळून, निववून, फडक्यातून गाळून घेतल्यास हा दोष पुष्कळसा टळतो.

या संदर्भात चाळीसगावच्या केकी मूस (१९१२-१९८९) यांचे उदाहरण विचारार्ह आहे. चाळीसगाव स्थानकानजीकच्या आपल्या घरात अनेक दशके जवळजवळ एकांतवासात राहून त्यांनी छायाचित्रणाची, विशेषतः मेजावर रचलेल्या दृश्यांच्या छायाचित्रांची साधना केली. तेच घर, तेच पाणी, तेच ऋतुचक्र आणि तोच हात, अशा स्थितीत बाह्य कारणांनी होणारे फेरफार कमी होतात, आणि जे उरतात तेही अभ्यासाने ओळखीचे होतात. फिरतीवरच्या पुरातत्त्वीय छायाचित्रकारास ही स्थिरता कधीच लाभत नाही. अजिंठ्याची काच वाचताना हा भेद विसरता कामा नये.

६. पुराव्याचे वाचन

आता मूळ प्रश्नाकडे वळता येईल. व्हिक्टर गोलूब्यू यांची पहिल्या लेण्यातील चित्रांची छायाचित्रे १९१०-११ च्या सुमाराची असून ती १९२७ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. गुलाम याझदानी यांच्या ‘अजंता’ या ग्रंथाचे चार भाग १९३० ते १९५५ या काळात निघाले; त्यांतील चित्रे ई. एल. व्हॅसी यांच्या छायाचित्रणावर आधारलेली आहेत. या दोहोंच्या दरम्यान, १९२० ते १९२२ या काळात, निजाम सरकारने बोलाविलेल्या चेक्कोनी आणि ओर्सिनी या इटालियन तज्ज्ञांनी चित्रांच्या जतनाचे काम केले. त्यात लाखेचा लेप वापरला गेला आणि तो कालांतराने पिवळा व काळसर पडला. पुढे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागास तो काढण्याचे काम करावे लागले. छायाचित्रांतील फरकास निदान चार कारणे संभवतात, असा याचा अर्थ होतो : चित्राची झीज, लाखेचा थर, काचेची वर्णसंवेदनशीलता आणि विकासक. छापखान्यातील ठसे करण्याची क्रिया हे पाचवे कारण मानावे लागेल.

ही कारणे वेगळी कशी करावीत? विकासकाच्या स्वभावातच त्याची एक खूण आहे. विकासक गडद आणि फिकट यांतील अंतर वाढवितो किंवा कमी करतो. परंतु ज्या भागावर अधिक प्रकाश पडला त्यास कमी प्रकाश पडलेल्या भागाहून मागे टाकण्याचे सामर्थ्य त्यास नाही. छटांची शिडी तो ताणील किंवा आखडील, पण तिच्या पायऱ्यांचा क्रम बदलणार नाही. काचेची वर्णसंवेदनशीलता मात्र क्रम बदलू शकते. केवळ निळ्या प्रकाशास संवेदनशील असलेल्या जुन्या काचेवर लाजवर्दाचा निळा फिकट उमटतो आणि गेरूचा तांबडा जवळजवळ काळा उमटतो. पॅनक्रोमॅटिक काचेवर योग्य गाळणी लावल्यास याच्या उलट होऊ शकते. पिवळी पडलेली लाखही निळा प्रकाश शोषून घेते, म्हणून तिच्याखालील निळा रंग इतरांच्या मानाने अधिक काळवंडतो.

यावरून तीन नियम सुचतात. पहिला असा की, दोन छायाचित्रांत दोन छटांचा क्रम बदललेला आढळल्यास दोष विकासकास देऊ नये. त्याचे कारण काचेत, गाळणीत, लेपात किंवा खुद्द चित्रात शोधावे. दुसरा असा की, क्रम तोच राहून केवळ अंतर कमीअधिक झाले असल्यास तेवढ्यावरून चित्र फिकटले असे म्हणू नये. द्रावणाचे वय किंवा त्याची उष्णता एवढे कारण त्यास पुरेसे आहे. तिसरा असा की, चौकटीत कोठेतरी रंगविहीन खडक दिसत असल्यास त्यास मापदंड मानावे. लेप न लागलेला उघडा दगड काही दशकांत फारसा पालटत नाही. दोन छायाचित्रांत त्याची छटा आणि त्यावरील छिन्नीच्या खुणांचा उठाव यांत जितके अंतर दिसेल, तितके अंतर प्रथम अंधारखोलीच्या नावे मांडावे आणि उरेल त्याचाच विचार चित्राच्या संदर्भात करावा. गडद भागात एखादी आकृती दिसत नाही, एवढ्यावरून ती तेथे नव्हती असे मात्र म्हणता येत नाही. कमी प्रकाश मिळालेल्या काचेतून जे मुळात उमटलेच नाही, ते कोणताही विकासक निर्माण करू शकत नाही.

७. समारोप

छायाचित्रकारांचे भिन्न अनुभव हे परस्परांस खोटे ठरविणाऱ्या साक्षी नव्हेत. द्रावणाचे वय, त्यातील पाण्याची भर, उष्णतामान, पाण्याचा प्रकार, द्रव्यांचे रूप आणि पाहणाऱ्याची सवय यांचा उल्लेख न करता त्या नोंदविल्या गेल्या, एवढाच त्यांतील दोष आहे. इतिहासाच्या अभ्यासकास हा दोष नवा नाही. काळ आणि स्थळ वगळून उतरलेली बखरीतील वार्ताही अशीच परस्परविरोधी दिसते आणि ती पुन्हा आपल्या स्थळकाळी ठेवली म्हणजे विरोध पुष्कळसा मावळतो.

म्हणून संग्रहालयांनी आणि अभिलेखागारांनी जुन्या काचांच्या सूचीत केवळ विषय, वर्ष आणि छायाचित्रकाराचे नाव नोंदवून थांबू नये. काचेचा प्रकार, पायरोचा पिवळा डाग, थराची सुटलेली कड, चुन्याचे ठिपके आणि ज्ञात असल्यास विकासाचे ठिकाण यांचीही नोंद करावी. काचेची कड फुटकी अथवा डागाळलेली आहे म्हणून छापातून कापून टाकण्याची प्रथा या दृष्टीने हानिकारक आहे, कारण विकासाच्या खुणा बहुधा त्या कडेवरच असतात. अजिंठ्याच्या भिंतीवर काय होते आणि काय गेले, याचा निर्णय करताना त्या खुणांचा उपयोग होणार आहे.